गेममधी आजी बनवायला गेलो तर बनेचना, कॅरेक्टर क्रिएटरमधी काय काय टाकू?

केळीच्या_बागेतून:

राम राम मंडळी. जरा लांबण लावतोय पण पूर्ण वाचा, प्रश्न शेवटी आहे.

मी एमसीएच्या शेवटच्या वर्षाला, जळगावात रूम करून राहतो, गाव रावेर तालुक्यात. आम्ही तिघं मिळून प्रोजेक्ट म्हणून एक मोबाईल गेम करून राहिलो. सारंगखेड्याच्या यात्रेतला घोडेबाजार, दत्तजयंतीला तापीकाठी भरतो तो. बाजारात हिंडायचं, घोड्याचे दात बघून वय ओळखायचं, चाल बघायची, व्यापाऱ्याशी घासाघीस करायची, जमलं तर घोडा घ्यायचा आणि रेतीत पळवून बघायचा. बस एवढंच. सुरुवातीला आपला माणूस बनवायचा म्हणून छोटं क्रिएटर टाकलं होतं, अर्ध्या दिवसात उरकलेलं, चार रंग, पाच प्रकारचे केस, दोन शरीरं.

दिवाळीत ताई आली, तिची पोरगी सात वर्षांची. तिच्या हातात मोबाईल दिला, म्हटलं बनव तुला पाहिजे ते. मला वाटलं स्वतःला बनवील नाहीतर परी वगैरे बनवील. तिनी सरळ आजीला बनवायला घेतलं, म्हणजे माझ्या आईला. आणि अर्धा तास भांडली माझ्याशी. रंग तिसरा निवडला तर तोंडाला चुलीतली राख फासल्यासारखं झालं. केस पांढरे केले तर वीस वर्षांची पोरगी पांढऱ्या केसांची दिसायला लागली, सुरकुती एक नाही. अंबाडा नाही. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके आहेत आईच्या, ते नाहीत. टॅटूमधी आम्ही नेटवरून फुकटचे उचलले होते, ड्रॅगन, कवटी आणि पंखवाला बाण. पदर नाही. कंबर जाड होत नाही. शेवटी पोरगी म्हणे मामा ही आजी नाही, हे आजीचं भूत आहे. घरातले सगळे हसले, आई पण हसली, पण मला रात्री झोप नाही आली राव.

मग मी मोठे गेम उघडून पाहिले. जीटीए ऑनलाइनमधी तर आईबापच निवडायचे असतात, त्यांच्यावरून तुमचं तोंड बनतं, कॅफेत आम्ही तासभर आईबाप बदलत बसायचो पण रावेरचा माणूस काही जन्माला आला नाही. एल्डन रिंगमधी मुलगा-मुलगी असं लिहिलेलंच नाही, टाइप ए आणि टाइप बी. बाल्डर्स गेट ३ मित्राच्या पीसीवर पाहिला, त्यात तर शरीर वेगळं, आवाज वेगळा, सर्वनाम वेगळं निवडता येतं, आणि अंगावर कोड, म्हणजे पांढरे डाग, पण टाकता येतात. ते पाहून डोकं फिरलं की आपण तिघं, ब्लेंडर, म्हणजे थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर, येणारा एकच, हातात चार महिने, आणि एपीके, म्हणजे गेमची इन्स्टॉल करायची फाईल, दीडशे एमबीच्या आत ठेवायची आहे कारण गावात कोण एवढं डाऊनलोड करतं.

गाईड सर म्हणतात चार रंग दोन शरीरं ठेवा आणि मेन गेमकडे लक्ष द्या. ते काही चुकीचं नाही बोलत, मार्क गेमला आहेत. पण आता ते भूत डोळ्यासमोरून जात नाही. तर प्रश्न असा की एवढ्याच वेळात, एवढ्याच साइजमधी, आपल्या इकडच्या माणसांसाठी आधी काय टाकू आणि काय सोडू?


शेवभाजी_स्पेशल:

मी खरं सांगस भो, राग नको धरजो. गेममा कोन तोंड देखस? मी बीजीएमआय रोज खेळस, मना पोऱ्यानं तोंड मी पहिल्या दिवशी देखं, तेनानंतर पाठ आणि हेल्मेट.

आता मराठीत सांगतो, सगळ्यांना कळू दे. तुमचा गेम पण पाठीमागून दिसणारा असेल ना? मग चार महिने घोड्यावर घाला. घोडा चांगला पळाला तर लोकं खेळतील. आजीचं गोंदण पाहायला कोणी डाऊनलोड नाही करत. आणि फारच वाटत असेल तर रस्ट नावाच्या गेमसारखं करा, त्यांनी २०१५ मधी रंगच निवडू दिला नाही, तुमच्या स्टीम आयडीवरून, म्हणजे जिथून गेम घेतला तिथल्या खात्याच्या नंबरावरून, गेमच ठरवतो, पुढच्या वर्षी बायकांचं शरीर पण तसंच वाटून टाकलं, ज्याला जे आलं ते आलं. लोकांनी लय बोंब मारली पण गेम चाललाच की. सगळी कटकट मिटते, क्रिएटरच नको.


भुसावळ_ते_पुणे:

मी भुसावळचा, पुण्यात कॅरेक्टर आर्टिस्ट आहे, सात वर्षं झाली. तुझ्या राखेचं कारण आधी सांगतो कारण ते वाचल्या वाचल्या कळलं.

तू एकच गोऱ्या कातडीचं टेक्श्चर, म्हणजे मॉडेलवर चढवायचं चित्र, घेतलंय आणि त्याच्यावर काळा-तपकिरी रंग मल्टिप्लाय केलाय, म्हणजे सगळीकडे एकच थर चढवलाय. बरोबर? असं केलं की सगळंच सारखं काळं होतं, ओठ, तळहात, डोळ्याच्या कडा, नखं, आणि खालची लाली मरून जाते म्हणून तोंड राखाडी दिसतं. खऱ्या माणसाचा तळहात कधी हाताच्या पाठीएवढा सावळा असतो का? स्वतःचा हात उलटून बघ. सावळ्या रंगात खालून तांबूस नाहीतर पिवळसर झाक असते, ती निवडण्यातच सगळी गंमत आहे. तू एक ग्रेडियंट बनव, उजेडातला रंग, मधला रंग, सावलीतला रंग, प्रत्येक वर्णाचे तिन्ही वेगळे हाताने ठरव, आणि तळहात-ओठांना वेगळा मास्क दे, म्हणजे तेवढा भाग वेगळा रंगवता येईल. साइज जवळजवळ वाढत नाही, ग्रेडियंटची फाईल केवढीशी असते.

हे काही फक्त तुझंच झालेलं नाही. सिम्स ४ सारख्या गेममधी, जो नुसता माणसं बनवण्यावरच चालतो, तिथे सुद्धा डार्क स्किन राखाडी दिसते म्हणून खेळणारे कित्येक वर्षं ओरडत होते, २०२० च्या डिसेंबरात त्यांनी शंभराच्या वर नवे रंग आणि फिकट-गडद करायचा स्लायडर दिला. आणि याच्या मुळाशी अजून जुनी गोष्ट आहे. येल विद्यापीठात थिओडोर किम नावाचे प्राध्यापक आहेत, आधी पिक्सारमधी होते, त्यांनी २०२० मधी उघड लिहिलं की कॉम्प्युटर ग्राफिक्समधी कातडीचं जे गणित आहे ते उजेड आत शिरून पसरण्यावर उभं आहे, आणि ती खूण गोऱ्या कातडीवर जास्त उठून दिसते. काळ्या-सावळ्या कातडीचा जीव जास्त करून वरच्या चकाकीत असतो. आपल्याकडे दुपारी केळीच्या ट्रकवर घड चढवणारा माणूस बघ, खांद्यावर ऊन कसं चमकतं. ती चकाकी दिलीस की निम्मं काम झालं, आत पसरणारं गणित मोबाईलला तसंही झेपत नाही.

रंग किती ठेवू म्हणशील तर आकड्यात अडकू नको. इमोजीचे पाच रंग २०१५ मधी आले, ते त्वचारोगवाल्या फिट्झपॅट्रिकच्या १९७५ च्या मोजपट्टीवरून घेतलेले, आणि ती मोजपट्टी मुळात ऊन लागल्यावर कातडी भाजते की काळवंडते हे बघायला केलेली होती, माणसं रंगवायला नाही. त्याच्यापेक्षा मंक स्केल बघ, हार्वर्डचे समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांची, दहा रंगांची, गुगलनी २०२२ मधी सगळ्यांना वापरायला मोकळी केली. पण ती पण तशीच नको उचलू. आपल्याकडची बहुतेक माणसं मधल्या पट्ट्यात येतात आणि त्या मधल्या पट्ट्यातच आपल्याला किती फरक दिसतात ते लग्नाच्या बायोडाट्यात वाच, गोरा, निमगोरा, गहूवर्णी, सावळा, काळासावळा. तर मधे दाट आणि टोकांना विरळ असे दहा घे. आणि खाली नावं लिहू नको बाबा. "गोरा" लिहिलेलं बटण पहिलं ठेवलंस की पोरं तेच दाबतात. नुसते गोल ठेव, आणि सुरुवात दरवेळी रँडम ठेव. शेवभाजी भाऊंचं रस्टचं उदाहरण मला इथपर्यंत पटतं, सुरुवात गेमनी करून द्यावी, पण बदलू द्यावं.

क्रिएटरच्या स्क्रीनवर उजेड कोणता आहे ते पण बघ. ड्रॅगन एज इन्क्विझिशनमधी, २०१४ चा, तिथे असा हिरवट उजेड होता की लोकं एक तोंड बनवायची आणि गेम सुरू झाल्यावर भलतंच निघायचं. त्याच कंपनीनी दहा वर्षांनी व्हेलगार्डमधी क्रिएटरमधेच वेगवेगळे उजेड बदलून बघायची सोय दिली. तुझा गेम हिवाळ्यातल्या तापीकाठचा आहे, तर क्रिएटरमधी तोच सकाळचा उजेड लाव. आणि टेस्टिंग लॅबमधी नको करू, सात-आठ हजाराचा फोन घेऊन दुपारी बारा वाजता गच्चीवर जा, सावळ्या तोंडाचे डोळे-नाक दिसतात का बघ. नाही दिसले तर तो रंग बनलाच नाही असं समज.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बेस मेश, म्हणजे ज्याच्यावरून सगळी तोंडं बनतात तो मूळ साचा. तू नेटवरून फुकटचं डोकं उचललं असणार. स्लायडर म्हणजे काय, त्या डोक्यापासून किती लांब जायचं तेवढंच. नाक रुंद करशील, ओठ जाड करशील, पण शेवटी ते त्याच घराण्यातलं राहतं. पन्नास स्लायडर लावून आजी येत नाही. त्यापेक्षा सहा डोकी बनव, घरातल्या माणसांचे समोरून आणि बाजूनी फोटो काढून, त्यांना विचारून, त्यात एक म्हातारी बाई आणि एक म्हातारा पाहिजेच. या सहांचं मिश्रण करू दे. आणि वय हा वेगळा स्लायडर कर, त्यात सुरकुत्यांचा नॉर्मल मॅप (खाचा-उंचवट्यांचा भास देणारं चित्र), गाल खाली, कान-नाक जरा मोठं, पाठीला बाक. बहुतेक गेम म्हातारपण म्हणजे पांढरा डाय समजतात.

आणि जमलं नाही तर क्रिएटर काढून टाक, लाज नाही त्यात. पुण्याच्याच नॉडिंग हेड्सनी २०२० मधी राजी हा गेम काढला, त्यात क्रिएटर नाहीच, एक पोरगी ठरलेली आहे आणि ती नीट घडवलेली आहे. वाईट क्रिएटरपेक्षा ते कधीही चांगलं.


केळीच्या_बागेतून:

दादा तुम्ही कॅमेरा लावून बसलात की काय माझ्या रूमवर. मल्टिप्लायच केलंय. डोकं पण फुकटचंच आहे.


दोन_वेण्या:

मी धुळ्याची, देवपूर. गेम बनवत नाही, खेळते. वर कोडाचा एका शब्दात उल्लेख आला म्हणून लिहिते.

मला कोड आहे. आठवीत हनुवटीपासून सुरू झालं, आता दोन्ही हात, मान आणि डाव्या डोळ्याभोवती. आपल्याकडे कोड म्हटलं की काय काय ऐकावं लागतं ते इथल्यांना सांगायला नको, हात लावू नका पासून ते हिचं लग्न कसं होणार पर्यंत. संसर्ग होत नाही हे सांगून सांगून आईचं तोंड दुखलं. तर मी सिम्स ४ खेळायचे आणि त्यात नेहमी बिनडागाची पोरगी बनवायचे, अगदी माझ्यासारखेच केस, माझ्यासारखा चष्मा, फक्त कातडी सलग. मग २०२४ च्या फेब्रुवारीत त्यांनी कोडाचे पॅटर्न दिले, विनी हार्लो म्हणून मॉडेल आहे जिला स्वतःला कोड आहे तिच्या सोबतीनी. मी ते उघडलं आणि बंद केलं. खरं सांगते, दोन आठवडे लावलं नाही. स्वतःच्या घरात स्वतःला तसं बघायची हिंमत नव्हती. मग एका रात्री लावलं, डोळ्याभोवतीचं सुद्धा, आणि ती पोरगी नेहमीसारखी उठली, चहा केला, कामाला गेली, आणि गेममधल्या कोणीही तिच्याकडे वळून पाहिलं नाही. ते "कोणी वळून पाहिलं नाही" हेच मला पाहिजे होतं. त्याच्यासाठी मी रडले वेड्यासारखी.

म्हणून भावा दोन गोष्टी. टाकणार असशील तर डाग सारखे आरशातल्यासारखे दोन्ही बाजूंना नको टाकू, आणि गोल गोल ठिपके नको, कडा ओबडधोबड असतात, नकाशासारख्या. आणि बाजारातल्या व्यापाऱ्याच्या तोंडी त्यावर एकही डायलॉग नको. चांगला सुद्धा नको. "किती धाडसी आहेस" वगैरे तर अजिबातच नको.

आणि शेवभाजी भाऊ, पाठच दिसते म्हणता पण घोड्याचा लगाम हातात धरल्यावर हात दिसतात ना? माझे हात वेगळे आहेत.


चाळीसगाव_लोकल:

काकांचा पाय रेल्वेत गेला, जयपूर फूट लावतात. फोर्झा होरायझन ५ मधी ड्रायव्हरला कृत्रिम हात-पाय लावता येतात हे पाहून त्यांना दाखवलं तर म्हणे हा तर रॉकेटचा पाय आहे, माझा कुठंय. चकाचक होता तो. जयपूर फूटची गंमतच ही आहे की तो खऱ्या पावलासारखा दिसतो, त्याच्यावर अनवाणी चालता येतं, उकिडवं बसता येतं, मांडी घालता येते, १९६० च्या दशकात जयपूरला तो बनवलाच त्यासाठी. तर जमलं तर रबरी पाऊल आणि मांडी घालून बसायचं ॲनिमेशन. बाजारात सौदा खाली बसूनच होतो ना.


सातपुड्याचा:

धडगावकडचा आहे मी, पावरा, नंदुरबारला शिकतो. सारंगखेड्याला लहानपणापासून जातो, माझ्या गावचे लोकं जातात. म्हणून आधीच सांगून ठेवतो कारण मला माहीत आहे पुढच्या महिन्यात तुमच्या डोक्यात काय येणार आहे.

तुम्ही म्हणणार आदिवासी पण पाहिजेत, मग गुगलवर आमच्याकडच्या काठी गावच्या होळीचे फोटो बघणार, आणि त्या होळीत नवसानी सोंग घेऊन नाचणाऱ्या बुध्याचा तो मोरपिसांचा टोप, कमरेला बांधलेले वाळके भोपळे आणि घुंगरं, अंगावर पांढरे ठिपके, हे सगळं "आदिवासी स्किन" म्हणून पन्नास नाण्यांना विकायला ठेवणार. असं करू नका. जो बुध्या बनतो तो आधी काही दिवस पाळणी पाळतो, खाटेवर झोपत नाही, बरेच नियम असतात, नवस असतो तो. आणि ते होळीचं आहे, दत्तजयंतीच्या बाजारात तसं कोणी फिरत नाही. तुमच्या गेममधी शेठजी पगडी घालून फिरेल आणि आम्ही वर्षभर होळी खेळत राहू असं नको.

माझं रोजचं काय आहे? जीन्स, टीशर्ट, थंडीत जॅकेट, गळ्यात रुमाल. माझ्या आईचं रोजचं काय आहे? साडी, डोक्यावर पदर, आणि चांदी घालते ती, ती मात्र रोजची आहे, मिरवायची नाही. म्हणजे आम्हाला वेगळा ड्रेस द्यायचीच गरज नाही, तोंड नीट द्या. गालाची हाडं, नाक, केस, रंग. एका पोराला नुसत्या टीशर्टवर आपल्या गावचा वाटला पाहिजे. वर दादांनी सहा डोकी म्हटली आहेत, त्यातली दोन आमच्याकडची घ्या, फोटोला मी माणसं देतो, पण त्यांना गेम झाल्यावर आणून दाखवायचा, असं नाही की फोटो घेतले आणि गेले. आमच्याकडे फोटो घेऊन गेलेले लय आहेत.

आणि एक, बाजारात घोडा विकणारा पण आमचा दाखवा. दरवेळी ओझं उचलणाराच आमचा नको.


कव्हर_पॉइंट:

सातपुड्याच्या भाऊनी बरोबर नस पकडली. मी फक्त क्रिकेटचं सांगतो. डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४ पासून बिग अँटच्या गेममधी अकॅडमी आहे, तिथे खेळाडू बनवून नेटवर टाकता येतात, आणि आपल्या टीमचं लायसन्स नसल्यामुळे लोकांनीच सगळे भारतीय खेळाडू बनवून टाकले, एकेकाचे पाच पाच व्हर्जन, कोणाचं नाक बरोबर कोणाची दाढी. कंपनी मेलबर्नची, पण आपले खेळाडू आपल्याच पोरांनी रात्र रात्र जागून बनवलेले. मी स्वतः आमच्या गल्लीची अख्खी टीम बनवली होती पारोळ्याची, आमचा विकेटकीपर दीडशे किलोचा (जास्त सांगतोय, पण जाडा आहे), त्याचं पोट स्लायडर संपला तरी येईना, शेवटी त्याला सांगितलं तू गेममधी बारीक झालास, तर पठ्ठ्या नाराज झाला, म्हणे मग तो मी नाहीच.

तर सल्ला असा की सगळं तुम्हीच बनवू नका. शेअर कोड ठेवा. एकानी आजी बनवली की दुसऱ्याला कोड टाकून ती उचलता आली पाहिजे. आकड्यांची एक ओळ सेव्ह करायची असते फक्त, सर्वर पण लागत नाही, व्हॉट्सॲपवर फिरेल. आणि पोटाचा स्लायडर शेवटपर्यंत जाऊ द्या, अर्ध्यात अडवू नका.


जोडाक्षर:

अमळनेरहून. डीटीपी आणि भाषांतराची कामं करतो, त्यामुळे मला दुसरंच टेन्शन आलं. सगळे तोंडाचं बोलून राहिले, नावाचं काय? क्रिएटरमधी नाव पण टाकायचं असतं ना.

गेम बनवायला युनिटी सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यातलं अक्षरं दाखवणारं टेक्स्टमेशप्रो देवनागरी नीट जोडत नाही, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसायची ती नंतर दिसते, जोडाक्षर फुटून पाय मोडलेलं दिसतं. पोरगी स्वतःचं नाव टाकेल आणि स्क्रीनवर ते लुळं-पांगळं दिसेल, मग रंग कितीही बरोबर असू द्या. गोडो ४ या तसल्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरमधी अक्षरं नीट जोडणारं हार्फबझ आतच आहे, तिथे हा त्रास नाही. दुसरं म्हणजे अक्षरांची मर्यादा. ज्ञानेश्वर हे नाव आपण चार अक्षरांत वाचतो, कॉम्प्युटर ते दहा मोजतो. आठची मर्यादा ठेवली तर माउलीच बाहेर. आणि आडनावाची जागा ठेवूच नका. आपल्याकडे आडनाव सांगितलं की पुढचा माणूस आपोआप बाकीचं ओळखतो, निदान गेममधी तरी ते नको.

आता सर्वनामाचा मुद्दा. इंग्रजीत ही, शी, दे असे तीन शब्द बदलले की काम होतं. मराठीत क्रियापदच बोलतं, तू आलास, तू आलीस, घोड्यावर बसलास, बसलीस असं करत करत तुमचा प्रत्येक डायलॉग दोनदा लिहावा लागेल. गंमत म्हणजे अहिराणीत वर्तमानकाळाला हे दुखणंच नाही. मी जास, तू जास, तो जास, ती जास, सगळ्यांना तेच. भूतकाळात मात्र तो उना, ती उनी होतंच. तर तुमचे व्यापारी अहिराणी बोलू द्या आणि होईल तेवढं वर्तमानात बोलू द्या, तसंही व्यापारी उधारी सोडून भूतकाळाचं काय बोलतो.

मला सुचलं ते असं. मुलगा की मुलगी हे बटण ठेवूच नका. आपल्या बाजारात कोणी तुम्हाला तुमचं लिंग विचारत नाही, डायरेक्ट हाक मारतो. तर क्रिएटरमधी प्रश्न ठेवा, "बाजारानी तुला काय म्हणायचं?" आणि खाली भाऊ, ताई, दादा, काका, मावशी, जिभाऊ, आजी, बाबा, किंवा नुसतं नाव. शरीर वेगळं निवडायचं, कपडे वेगळे, हाक वेगळी. मिशीवाल्या शरीराला ताई म्हणवून घ्यायचं असेल तर घेऊ द्या, साडीवर फेटा बांधायचा असेल तर बांधू द्या. सिम्सनी २०१६ मधी कपड्यांवरची मुलगा-मुलगी बंदी उठवली, काही आभाळ कोसळलं नाही. आणि वय पण त्या हाकेतच येऊन जातं.


शेवभाजी_स्पेशल:

जिभाऊ ठेवलं ना मग मी डाऊनलोड करस. मना शब्द मांगे लेस, आर्धाच. घोडा तरी बी चांगला पळाले पाहिजे भो.


केळीच्या_बागेतून:

सगळ्यांना उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, माफ करा, मधे इंटर्नल होते.

झालं ते असं. फुकटचं डोकं फेकलं. सहा डोकी घेतली, त्यात एक माझी आई (फोटो काढताना पावडर लावून बसली, परत धुवायला लावली), दोन धडगावची, सातपुड्याच्या भाऊसोबत जाऊन आलो, पहिली बिल्ड त्यांनाच दाखवायची असं ठरलंय. दहा रंग ग्रेडियंटवाले केले. गच्चीवर टेस्ट केलं, सगळ्यात सावळे दोन रंग नापास झाले, डोळे गायब, परत केले. कोडाचे तीन पॅटर्न आहेत, तिन्ही वाकडेतिकडे, दोन_वेण्या ताई तुम्हाला पाठवले आहेत, बघून सांगा. व्यापाऱ्याच्या तोंडी काही नाही. जयपूर फूट या वेळी नाही जमणार, ॲनिमेशनवाला एकच आहे, पण मांडी घालून बसणं टाकलं. गोंदणात ड्रॅगन काढले, ठिपके, फुली आणि तुळशीवृंदावन आलं, आईनी शेजारपाजारच्या बायांचे हात धरून धरून दाखवले. युनिटी सोडायला उशीर झाला होता म्हणून नाव टाकायचं तेवढं वेगळ्या प्लगिननी चिकटवलं, चालतंय, ज्ञानेश्वर बसतो. सरांना "बाजारानी तुला काय म्हणायचं" लय आवडलं, म्हणे हे आधी का नाही सुचलं, मी काही बोललो नाही.

भाचीला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ती म्हणे अंबाडा एवढा वर नसतो. खाली घेतला. मग म्हणे हा, आता आजी. मग लगेच म्हणे आजी घोड्यावर बसव.

आणि तिथे फसलोय. घोड्यावर बसवली की साडीचा पदर पाठीतून आरपार जातो आणि घोडा पळाला की मागे पतंगासारखा उडतो. कापडाचं सिम्युलेशन, म्हणजे कापड कसं हलेल ते फोननी दर क्षणी मोजायचं, लावलं तर फोन तापतो आणि चित्र अडखळतं. कोणाला काही उपाय माहीत आहे का?


दोन_वेण्या:

पदर कमरेला खोच. शेतात बाया काय करतात?


भुसावळ_ते_पुणे:

अरे हे टेक्निकली पण बरोबर आहे. दोन्ही टोकं बांधलेली असली की सिम्युलेशन लागतच नाही, मॉडेलच्या आतल्या सांगाड्याच्या हाडालाच चिकटव. सात वर्षांत मला हे सुचलं नाही.